चामड्याचा वायसर

तीन रायफलींमधून एक निवडायची होती, आणि निवडणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी रायफल हातात धरली नव्हती. तो माणूस म्हणजे मी.

"परब, तू पिस्टन का आदमी है ना?" कॅप्टन सालेम म्हणाले. "ये तीनों पिस्टनवाली हैं. यल्ला, बोल, कौनसी?"

मी पिस्टनचा माणूस आहे, हे खरं. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात एका हायड्रॉलिक वर्कशॉपमध्ये मी तेव्हा फोरमन होतो. क्रेन, फोर्कलिफ्ट, कचऱ्याच्या गाड्या, यांचे सिलिंडर आमच्याकडे यायचे. सिलिंडर म्हणजे नळी, नळीत सरकणारा दट्ट्या म्हणजे पिस्टन, आणि दट्ट्याच्या कडेने तेल किंवा हवा निसटू नये म्हणून बसवलेली कडी म्हणजे सील. बावीस वर्षं मी या तीन वस्तूंवर पोट भरलं. कॅप्टन सालेम हे सैन्यातून निवृत्त झालेले इमाराती गृहस्थ. ते एक शूटिंग क्लब चालवायचे. त्यांच्या क्लबच्या फोर्कलिफ्टचा सिलिंडर मी दुरुस्त केला होता, आणि तो पुन्हा गळला नाही एवढ्यावर त्यांनी मला जगातल्या सगळ्या पिस्टनांचा डॉक्टर ठरवलं होतं. मीही नाही म्हटलं नाही. कोणी आपल्याला डॉक्टर म्हटलं की पाठ आपोआप ताठ होते.

नव्वदच्या दशकाचा शेवट होता. दहा मीटरवरून कागदाच्या टार्गेटवर नेम धरायचा, अशी एअर रायफलची स्पर्धा असते. बंदुकीत दारू नाही, फक्त हवेचा दाब आणि शिशाचा इवलासा छर्रा. टार्गेटचा मधला दहा गुणांचा ठिपका टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान. त्या काळात नव्या रायफली आल्या होत्या, त्यांत आधीच भरून ठेवलेल्या हवेचा सिलिंडर असे. ट्रिगर दाबला की हवा सुटते, रायफल हलतही नाही. क्लबकडे अशा तीनच होत्या आणि त्या पुरुषांच्या टीममध्ये दोन आणि बायकांच्या टीममध्ये एक अशा वाटल्या गेल्या होत्या. चौथी मागवली तर परवान्याचे कागद येईपर्यंत सीझन संपला असता. उरल्या कपाटातल्या पिस्टनवाल्या.

आणि टेबलाच्या पलीकडे हात बांधून उभी होती हिल्डा डिमेलो.

ती वसईची. दुबईत एका हॉटेलात हाउसकीपिंग सुपरवायझर होती. अडतीस वर्षांची, बांधा लहानसा, बोलणं मोजकं. बायकांच्या टीममध्ये तीन जागा, आणि हिल्डा सलग तीन वर्षं राखीव खेळाडू. राखीव म्हणजे सामन्याच्या दिवशी दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळायच्या. तिसऱ्या जागेसाठी दोन महिन्यांनी ट्रायल होती. तिच्या विरुद्ध एक लेबनानी मुलगी होती, आणि त्या मुलीकडे वडिलांनी घेऊन दिलेली स्वतःची सिलिंडरवाली रायफल होती. हिल्डाच्या नवऱ्याची बदली बहारीनला ठरली होती. म्हणजे पुढचा सीझन तिला इथे नव्हताच. टीममध्ये जायचं तर याच वर्षी.

"मॅडम, तुम्हाला कुठली आवडते?" मी मराठीत विचारलं.

"मला जी सरळ मारते ती," ती म्हणाली.

मी तिन्ही पाहिल्या. पिस्टन रायफलीचं तत्त्व सायकलच्या पंपासारखंच असतं, फक्त पंप मारायला हाताऐवजी स्प्रिंग. दांडा ओढला की स्प्रिंग दाबली जाते आणि अडकते. ट्रिगर दाबला की स्प्रिंग सुटते, पिस्टन पुढे धावतो, समोरची हवा दाबली जाते आणि छर्रा निघतो. गोम अशी, की पिस्टन पुढे धावला की रायफल मागे ढकलली जाते, पिस्टन टोकाला आपटला की ती पुन्हा पुढे जाते, आणि एवढं होईपर्यंत छर्रा अजून नळीतच असतो. म्हणजे नेम धरल्यावर नेमकी नको तेव्हाच रायफल हलणार.

पहिली रायफल नळी मोडून, म्हणजे बिजागरीत खाली वाकवून, भरायची होती. बिजागरीत किंचित खेळ होता, आणि ज्या नळीवर नेम अवलंबून तीच रोज शंभरदा मोडायची हे मला पटेना. दुसरी दिसायला देखणी, कॅप्टनची आवडती. पण तिची स्प्रिंग जबरदस्त होती. दहा मीटरवर कागद फाडायला एवढ्या जोराची गरज काय? तिसरी जुनी, जड, बाजूला दांडा असलेली. तिची नळी पक्की जोडलेली होती, आणि सगळी यंत्रणा लाकडी दस्त्यात दोन रुळांवर बसवलेली होती. धक्का बसला की यंत्रणा रुळांवरून मागे सरकते आणि खांद्याला काही कळत नाही. कोणा हुशार माणसाने डोकं चालवलं होतं. मी मनातल्या मनात त्याला सलाम केला.

"ये," मी म्हटलं.

कॅप्टन हसले. "हबीबी, वो तो मरी हुई है. छर्रा नली से बाहर भी नहीं आता."

"सील मर गया है, कॅप्टन. रायफल जिंदा है."

त्यांनी हिल्डाकडे पाहिलं. हिल्डाने माझ्याकडे पाहिलं. मग ती म्हणाली, "भाऊ सांगतात तर तीच." त्या "भाऊ"ने मला पुरतं बांधून टाकलं.

रायफल क्लबबाहेर न्यायची नाही, असा कडक नियम होता. पिस्टन नेता येईल, पण कागदावर. कॅप्टननी लेटरहेडवर लिहून दिलं की धारकाकडे एक पोलादी पिस्टन आणि एक स्प्रिंग असून त्यांच्यापासून कोणालाही धोका नाही. खाली गोल शिक्का. मी पिस्टन जेवणाच्या डब्यात ठेवला आणि शारजाला आणला.

डबा उघडला तेव्हा पिस्टनच्या तोंडावरचं सील पिवळ्या चुऱ्यासारखं खाली पडलं होतं. प्लॅस्टिकसारख्या मटेरियलचं होतं, वयानेच विरघळलेलं. जर्मनीहून मागवायचं तर आठ आठवडे. आमचा मॅनेजर वर्गीस, कोट्टायमचा, जाड चष्म्याचा, कामात पक्का. तो म्हणाला, "परब, पीयू का टर्न कर दो." पीयू म्हणजे रबराचा एक चिवट प्रकार, लेथवर कातून सील करता येणारा. पण आमच्याकडचं पीयू क्रेनच्या कामाचं, इथे फार कडक झालं असतं. या हलक्या पिस्टनला नरम, दाब आला की फुलून नळीला चिकटणारं काहीतरी हवं होतं.

मला एकदम वायसर आठवला. मालवणला आमच्या घरी पितळेचा स्टोव्ह होता. त्याच्या पंपाला चामड्याची वाटीसारखी चकती असायची, तिला आम्ही वायसर म्हणायचो. पंप मारून हवा भरेना झाली की आई वायसर काढायची, खोबरेलात भिजवायची, बोटांनी मळून मऊ करायची आणि परत बसवायची. स्टोव्ह पुन्हा फुरफुरायला लागायचा. हे चामड्याचं सील माणसाने प्लॅस्टिकच्या आधी शेकडो वर्षं वापरलेलं, आणि तंत्र तेच. वाटीचं तोंड दाबाकडे ठेवलं की दाबानेच तिच्या कडा नळीला टेकतात.

शारजातल्या रोला भागाजवळ एक पठाण उंटांची खोगिरं शिवायचा. त्याच्याकडून चांगलं, एकसारख्या जाडीचं चामडं आणलं. लेथवर एक साचा बनवला, चामडं पाण्यात भिजवून त्यात दाबलं, दोन दिवस वाळू दिलं आणि कडा ब्लेडने छाटल्या. असे दोन वायसर केले, एक वापरायला, एक जादा. स्प्रिंगच्या आतला जुना मार्गदर्शक दांडा सैल झाला होता, त्यामुळे स्प्रिंग सुटताना तारेसारखी झणझणायची. तिथे मी डेल्रिनचा, म्हणजे गुळगुळीत कडक प्लॅस्टिकचा, नवा दांडा घट्ट बसेल असा बनवला. क्लबात जाऊन दस्त्याच्या मागच्या पट्ट्या काढून रायफल हिल्डाच्या हाताच्या लांबीची केली, गालाला लागणारी फळी घासून खाली घेतली. ट्रिगरला मात्र हात लावला नाही. ते घड्याळजीचं काम, माझं नव्हे.

आता प्रश्न राहिला तेलाचा. या रायफलीत साधं मशीन ऑइल घालायचं नाही, हे मी स्वतःच्या डोक्याने ओळखलं होतं आणि त्याचा मला भारी अभिमान होता. हवा एका झटक्यात दाबली की तापते. डिझेल इंजिन असंच चालतं. नळीत मशीन ऑइलचा थेंब असेल तर तो पेट घेतो, धूर निघतो आणि छर्रा भलत्याच वेगाने जातो. म्हणून मी आईचा मार्ग धरला. दोन्ही वायसर खोबरेलात रात्रभर ठेवले.

वर्गीसने वास घेतला. "कोकोनट ऑइल? फर्स्ट क्लास. हमारे यहां तो सब काम इसी से होता है."

एक मालवणचा, एक कोट्टायमचा. नारळाविरुद्ध बोलणारं त्या शॉपमध्ये कोणी नव्हतं.

हॉल पुरुषांच्या सरावासाठी राखीव असल्यामुळे आम्हाला क्लबच्या मागची जुनी पत्र्याची शेड मिळाली. मे महिन्याचे दिवस. पंखासुद्धा नव्हता. मी रायफल वाळूच्या पिशवीवर टेकवून दिली आणि हिल्डाने पाच छर्रे मारले. कागद आणला तर त्यावर एकच भोक, फक्त कडा थोड्या फाटलेल्या. कॅप्टननी कागद उन्हाकडे धरला, खिशातून चष्मा काढला, परत पाहिलं.

"पांच?"

"पांच," मी म्हटलं.

"खलास," कॅप्टन म्हणाले, म्हणजे ठरलं, आणि त्यांनी माझा हात दाबला. त्या संध्याकाळी मी घरी जाताना टॅक्सीवाल्यालाही हा किस्सा सांगितला. तो पेशावरचा होता, त्याला रायफलींची माझ्यापेक्षा जास्त माहिती होती, तरी त्याने मान डोलावली.

पुढचे तीन आठवडे हिल्डा शेडमध्येच सराव करत होती. उभ्याने चाळीस छर्रे, चारशेपैकी तीनशे सत्तरच्या वर. मी मनात तिला टीममध्ये बसवूनही टाकलं होतं. ट्रायलच्या आधीच्या रविवारी तिला पहिल्यांदा मोठ्या हॉलमध्ये उभं केलं. मी मुद्दाम पाहायला गेलो, इस्त्रीचा शर्ट घालून.

पहिल्या दहा छर्ऱ्यांना एक्याऐंशी. दुसऱ्या दहांना अठ्ठ्याऐंशी. मग ब्याण्णव, चौऱ्याण्णव. एकूण तीनशे पंचावन्न. लेबनानी मुलीने त्याच दिवशी तीनशे सत्तर मारले.

मी रायफल तपासली. स्क्रू घट्ट, नेमाची साइट हललेली नाही, छर्रे त्याच डब्यातले. बाहेर शेडमध्ये नेली, दोन तास तिथेच उघडून, पुसून, पुन्हा जोडली, पिशवीवर टेकवून पाच मारले. एकच भोक. म्हणजे माझी रायफल शाबूत. मग राहिलं काय?

आमच्या धंद्यात प्रत्येक कामाचं जॉब कार्ड असतं. त्यात एक रकाना असतो, दोष काय सापडला. मशीनमध्ये काहीच सापडलं नाही की आम्ही लिहितो, नो फॉल्ट फाउंड, ऑपरेटर. म्हणजे यंत्र ठीक, चालवणारा चुकला. कॅप्टननी लेखी रिपोर्ट मागितला, आणि मी खिशातून पेन काढून जॉब कार्डावर सवयीने तेच लिहिलं.

हिल्डाने ते कॅप्टनच्या हातातून घेऊन वाचलं. तिचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही.

"ऑपरेटर म्हणजे मी ना, भाऊ?"

"तसं वाईट अर्थाने नाही, मॅडम. मोठा हॉल, लोक बघतात, हात थोडा थरथरतो. होतं माणसाला."

तिने पिशवीतून एक छोटी वही काढली. प्रत्येक छर्रा कुठे लागला त्याचं टिपण तिने ठेवलं होतं, गोल काढून, ठिपके देऊन. "बघा. पहिला छर्रा खाली. दुसरा खाली. दहावा थोडा कमी खाली. पंचविसावा बरोबर. मधे दहा मिनिटं थांबले, सव्विसावा परत खाली. थरथरणारा हात चारी बाजूंना मारतो, भाऊ. एकाच बाजूला नाही मारत."

मी म्हटलं, "बघू, अजून प्रॅक्टिस करा." आणि निघून आलो. हे वाक्य लिहिताना आजही मला लाज वाटते. एक बाई माझ्याच धंद्याची भाषा माझ्यापेक्षा शुद्ध बोलत होती आणि मी तिला प्रॅक्टिस करा म्हणून सांगत होतो.

सोमवारी सकाळी आमच्या घरात नेहमीची धांदल होती. मुलीची स्कूल बस पावणेसातला यायची. बायको, सुलभा, तिच्या वेण्या घालायला बसली होती.

"मम्मी, द ऑइल इज सॉलिड अगेन!" मुलगी ओरडली.

"मग बाल्कनीत ठेव दोन मिनिटं, वितळेल," सुलभा म्हणाली. "रात्रभर एसी लावता तुम्ही लोक. किती वेळा सांगितलं, तेल बेडरूममध्ये ठेवू नका."

मी दाढी करत होतो. ब्रश हातात तसाच राहिला. बाहेर येऊन मी बाटली उचलली. आत पांढरंशुभ्र, गोठलेलं खोबरेल. बाटली उलटी केली तरी हलेना.

"काय झालं?" सुलभाने विचारलं.

"मी गाढव आहे," मी म्हटलं.

"ते आत्ता कळलं होय?" ती म्हणाली, आणि वेणी घालत राहिली.

शॉपवर पोचलो तो सरळ वर्गीसच्या केबिनमध्ये. ती आमच्या शॉपमधली एकमेव एसी खोली. खोबरेलात भिजवलेला जादा वायसर मी एका बशीत घालून एसीच्या झोतासमोर ठेवला. वर्गीस बिलांवर सह्या करत होता.

"ये क्या है? ऑफिस है, किचन नहीं है."

"आधा घंटा, सर."

अर्ध्या तासाने वायसरवर पांढुरकी साय आली होती. बोटाने दाबला तर कोल्हापुरी वहाणेच्या तळासारखा कडक. लेथजवळच्या गरम हवेत नेला, पाच मिनिटांत पुन्हा लोण्यासारखा मऊ. वर्गीसने चष्मा काढून पुसला. "अय्यो," तो म्हणाला. मग बिलं बाजूला सारून त्याने वायसर स्वतः दाबून पाहिला. त्यानेही होकार दिला होता ना.

सगळं जुळलं. कॅप्टनचा हॉल म्हणजे त्यांची शान, बाहेर चाळीस असो की पंचेचाळीस, आत कायम वीस डिग्री. तिथे खोबरेल गोठायचं, वायसर कडक व्हायचा, पिस्टन अडखळत जायचा, छर्रा हळू जायचा आणि खाली लागायचा. छर्रे मारता मारता घर्षणाने नळी तापायची, तेल वितळायचं, नेम वर यायचा. मधे थांबलं की परत गोठायचं. वहीत ठिपक्यांनी हेच लिहिलं होतं. मी रायफल शेडमध्ये तपासत होतो आणि हिल्डा हॉलमध्ये उभी राहणार होती, एवढी साधी गोष्ट बावीस वर्षांच्या फोरमनला दिसली नाही.

आणि मशीन ऑइल नको म्हणून मी एवढी अक्कल लढवली, तर सिलिकॉन तेल आमच्याच शेल्फवर होतं. ओ-रिंगांना, म्हणजे गोल रबरी कड्यांना, लावतो आम्ही. ते सहजी पेट घेत नाही, आणि असल्या थंडीत गोठण्याचा तर प्रश्नच नाही. माझ्या टेबलापासून दहा पावलांवर.

संध्याकाळी क्लबवर गेलो. वाटेत चार वेळा वाटलं, गुपचूप वायसर बदलावा आणि काही बोलू नये. कोणाला कळणार होतं? कॅप्टनला तर वायसर म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. पण ते जॉब कार्ड त्यांच्या फाइलीत होतं, आणि त्यावर माझ्या अक्षरात एका चांगल्या नेमबाजाची बदनामी होती. बावीस वर्षांत माझ्या सहीखाली खोटं राहिलं नव्हतं. आता ते एका बाईच्या नावावर राहू द्यायचं?

हिल्डा ऑफिसातच होती. कॅप्टननी तिला बहुधा समजवायला बोलावलं असावं, की यंदाही राखीव राहा. मी फाइल मागितली, कार्ड काढलं, ऑपरेटर खोडलं आणि वर लिहिलं, मेकॅनिक. सही केली.

कॅप्टननी वाचलं. "मेकॅनिक कौन?"

"मैं, कॅप्टन. रायफल में गलती थी. मेरी गलती. मॅडम का हाथ ठीक है, और मॅडम का हिसाब मुझसे ज्यादा ठीक है." मग मी हिल्डाकडे वळलो. कानशिलं तापली होती. "माफ करा, हिल्डाबाय. वहीत तुम्ही सगळं लिहिलं होतं. मला वाचता आलं नाही."

बाटलीतलं गोठलेलं तेल मी सोबतच आणलं होतं. त्यांना दाखवलं. कॅप्टन आधी बाटलीकडे, मग छताजवळच्या एसीकडे पाहत राहिले, आणि पोट धरून हसले. हिल्डा हसली नाही. तिने घड्याळाकडे पाहिलं.

"शुक्रवारपर्यंत होईल, भाऊ?"

"होईल."

"इन्शाल्ला नको. होईल का?"

"होईल," मी पुन्हा म्हटलं, आणि निघालो.

जुने वायसर धुऊन उपयोग नव्हता, चामड्यात मुरलेलं खोबरेल पूर्ण निघत नाही. त्याच संध्याकाळी नवं चामडं भिजवून साच्यात घातलं. बुधवारी ते वाळलं, रात्री सिलिकॉन तेलात बुडवलं, गुरुवारी दुपारी क्लबवर नेलं. पिस्टनची नळी चिंधीने इतकी पुसली की चिंधी पांढरीच बाहेर आली. मग कॅप्टनना म्हटलं, आज हॉल मला हवा, आणि एसी अजून दोन डिग्री खाली. पुरुषांची टीम कुरकुरली. कॅप्टननी त्यांना बाहेर चहाला घालवलं. रायफल दोन तास थंडीत तशीच पडू दिली. माझे दात वाजायला लागले. मग हिल्डा आली आणि थंडगार रायफलीतून, एकही छर्रा वाया न घालवता, पहिले पाच मारले.

कागद आणायला मी स्वतः गेलो. एकच भोक होतं, मधोमध.

मी तिथेच टार्गेटसमोर उभा राहिलो थोडा वेळ. डोळे भरून आले होते, आणि ते कॅप्टननी पाहू नयेत असं वाटत होतं.

शुक्रवारी ट्रायल झाली. लेबनानी मुलीने तीनशे एकाहत्तर मारले, छान मारले. हिल्डाचे आकडे असे: त्र्याण्णव, चौऱ्याण्णव, त्र्याण्णव, चौऱ्याण्णव. लोक बेरजेकडे बघत होते, तीनशे चौऱ्याहत्तर. मी पहिल्या त्र्याण्णवकडे बघत होतो. पहिला दहांचा आकडा शेवटच्यासारखाच होता, म्हणजे थंड रायफल आणि गरम रायफल एकच. एखाद्या यंत्राबद्दल याहून चांगलं काही म्हणता येत नाही. त्या मुलीने येऊन हिल्डाशी हात मिळवला आणि विचारलं, ही कुठली रायफल आहे? हिल्डाने माझ्याकडे बोट दाखवलं.

महिन्याभराने क्लबांची स्पर्धा झाली. सामन्याआधी प्रत्येक रायफल तपासतात, वजन, लांबी, ट्रिगर, आणि एक कार्ड भरून घेतात. मला धास्ती होती, कारण त्या रायफलीत आता माझे इतके भाग होते की मूळ कंपनीने ओळखही दाखवली नसती. टेबलावरच्या साहेबांनी कार्ड वाचलं आणि थबकले.

"मॅडम, मेक के आगे आपने शारजा लिखा है. ऐसी कोई कंपनी नहीं है."

"है," हिल्डा शांतपणे म्हणाली. "इंडस्ट्रियल एरिया में. वो सामने खडे हैं."

त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? शर्ट खाली ओढला आणि सरळ उभा राहिलो. नियमात मेकची अट नव्हती, वजन आणि मापं बरोबर होती. त्यांनी शिक्का मारला.

हिल्डाने तीनशे शहात्तर मारले. टीम दुसरी आली, आणि आमच्या टीममध्ये तिचा आकडा सगळ्यात मोठा होता, सिलिंडरवालीपेक्षाही. पदक गळ्यात घालून ती आली आणि म्हणाली, "भाऊ, पाण्याची बाटली धरा जरा." मी धरली. तीन वर्षं तिने दुसऱ्यांच्या धरल्या होत्या. मी फोटो निघेपर्यंत धरून उभा राहिलो आणि मला त्यात काही कमीपणा वाटला नाही, उलट शॉपमध्ये सगळ्यांना सांगितलं.

पुढे मी फोरमनचा मॅनेजर झालो. नव्या लोकांना मी दोनच गोष्टी शिकवायचो. यंत्र जिथे चालणार, तिथेच ते तपासा, तुम्हाला सोयीचं वाटतं तिथे नाही. आणि कार्डावर ऑपरेटर लिहायचं असेल तर आधी ऑपरेटरला विचारा. तो बहुतेक वेळा दोष कुठे आहे ते सांगतो, फक्त आपण तोवर पेनाचं टोपण काढलेलं असतं.